निरोप देणे आणि सोपवणे

जून महिना आला की आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाच्या वहीत दरवर्षी काही नावे कमी होतात. दहावी-बारावीचे आणि पदवीचे निकाल लागतात, पेढ्यांचे पुडे घेऊन मुले-मुली भेटीस येतात, डोके वाकवून आशीर्वाद घेतात, आणि पुढच्या रविवारच्या सभेत त्यांच्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. कोणी अभियांत्रिकीसाठी पुण्यास जाते, कोणी बंगळुरूला नोकरीवर रुजू होते, कोणी आखाती देशांची वा कॅनडाची वाट धरते. जी मुले वसईतच राहतात तीही पहाटेची चर्चगेट लोकल पकडून मुंबईला जातात आणि रात्री इतक्या उशिरा परततात की रविवार हा त्यांना केवळ झोप भरून काढण्याचा दिवस वाटू लागतो. गायकवृंदात पेटीवर बसावयास कोणी उरत नाही. नाताळच्या गोठ्याला दिव्यांची जोडणी कोण करणार, असा प्रश्न जूनमध्येच पडतो.

अशा वेळी पॅरिश कौन्सिलच्या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येते, 'मंडळ पुन्हा शून्यापासून उभे करावे लागणार.' हे वाक्य आम्हीही अनेकदा बोललो आहोत. त्यात थोडा थकवा असतो आणि थोडी तक्रारही असते. आपण मेहनतीने जमवलेले काहीतरी कोणी उचलून नेले, असा त्या तक्रारीचा सूर असतो. या लेखात आम्हांला त्या सुराचाच विचार करावयाचा आहे. ज्यांना आपण घडवले त्यांच्यावर आपला हक्क असतो काय? असल्यास तो कोठवर? आणि नसल्यास, ते उंबरठा ओलांडतात तेव्हा आपले कर्तव्य संपते, की तेथूनच दुसरे कर्तव्य सुरू होते? प्रश्न युवक मंडळाचा दिसत असला, तरी ज्या घरातून मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी बाहेर पडली आहे, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

दुसऱ्यांविषयी बोलण्याआधी आमचा स्वतःचा दोष सांगणे योग्य होईल. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही याच तालुक्यातील दुसऱ्या एका धर्मग्रामात नव्यानेच प्रमुख धर्मगुरू म्हणून रुजू झालो होतो. तेथील युवक मंडळाचा अध्यक्ष विलक्षण गुणी तरुण होता. नाताळचा गोठा असो, प्रायश्चित्तकाळातील प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक असो, की मध्यरात्री कोणा रुग्णासाठी रक्तदाते जमवणे असो, त्याने हाती घेतलेले काम तडीस जाणार याची साऱ्या गावाला खात्री असे. त्याला पदवी मिळाली आणि पुण्याच्या एका कारखान्यात चांगली नोकरी चालून आली. आम्ही त्याला बोलावून घेतले आणि म्हटले, "अरे, तू गेलास तर मंडळाचं कसं व्हायचं? एवढं एक वर्ष थांब." तो थांबला. त्याने मुंबईत कमी पगाराची नोकरी धरली. एक वर्ष म्हणता म्हणता चार वर्षे गेली.

त्या चार वर्षांत मंडळाचे कार्यक्रम नामी झाले. बाहेरच्या पाहुण्यांनी कौतुक केले आणि ते कौतुक आम्ही आनंदाने स्वीकारले. परंतु लहान मुले चार वर्षे खुर्च्याच मांडत राहिली. एके वर्षी बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने दारूपायी मोडलेल्या संसारावर एक छोटे नाटक लिहून आणले. आम्ही ते चाळले आणि म्हणालो, "छान आहे, पण यंदा राहू दे. लोकांना जुनंच नाटक आवडतं." ती मुलगी पुन्हा सभेस आली नाही. तिच्या न येण्याची नोंदसुद्धा आम्ही घेतली नाही.

चौथ्या वर्षाच्या शेवटी तो तरुण आम्हांला भेटावयास आला. लग्न ठरले होते आणि आता पुण्यास जाण्याचे त्याने निश्चित केले होते. आम्ही नाराजी लपवली नाही. तो शांतपणे म्हणाला, "फादर, माझ्यामागे कोण, हे तुम्ही चार वर्षांत एकदाही विचारलं नाहीत." तो गेल्यावर चार महिन्यांत मंडळ बंद पडले. पुढच्याच वर्षी आमची बदली झाली. धर्मगुरूच्या बदलीला समारंभ होतो, हारतुरे होतात, भाषणे होतात. ते सारे आम्हांला मिळाले. त्या तरुणासाठी मात्र साधा निरोप समारंभ करण्याचे आमच्या मनात आले नव्हते, कारण आम्ही त्याच्यावर रुसलो होतो. ज्याला वरिष्ठांच्या एका पत्रासरशी सामान बांधून निघावे लागते, त्या धर्मगुरूने दुसऱ्याच्या निघण्यावर रुसावे, ही विसंगती आमच्या ध्यानात यावयास बराच काळ लागला.

खरे पाहता या प्रश्नाचे उत्तर आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. ॲरिस्टॉटल आणि त्याच्यामागून संत थॉमस अक्वायनस यांनी बदलाची जी मीमांसा केली ती थोडक्यात अशी, की जे केवळ शक्यतेच्या रूपात वसत आहे त्याचे प्रत्यक्षात येणे म्हणजे बदल. आणि कोणताही बदल समजून घ्यावयाचा तर तो कोणत्या साध्याकडे चालला आहे हे पाहावे लागते. साध्याचा विचार सोडला की नासणे आणि पिकणे यांतला भेदच सांगता येत नाही, कारण फळाचा रंग दोहोंतही पालटतो. परीक्षेत हे उत्तर आम्ही बिनचूक लिहिले होते. तरीही युवक मंडळाचे साध्य काय, असे त्या काळी कोणी विचारले असते तर आम्ही कार्यक्रमांची यादी वाचून दाखवली असती. मंडळ टिकावे हेच मंडळाचे साध्य होऊन बसले होते. साधन साध्याच्या जागी बसले, की त्याला कोणताही बदल हा घालाच वाटतो.

याच संदर्भात ख्रिस्तसभेच्या परंपरेतील एक जुना विचार स्मरतो. पाचव्या शतकात लेरिन्स बेटावरील मठात संत व्हिन्सेंट राहत असत. ४३४ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी श्रद्धेच्या शिकवणुकीसंबंधी वाढ आणि पालट यांमध्ये भेद केला. वाढ होते तेव्हा वस्तू मोठी होते, पण ती तीच राहते. पालट होतो तेव्हा ती दुसरीच कोणी होऊन जाते. दाखला त्यांनी मानवी देहाचा दिला. बालकाचे अवयव लहान असतात, प्रौढाचे मोठे. तरी माणूस तोच. हा विचार त्यांनी शिकवणुकीविषयी मांडला असला, तरी आमच्या प्रश्नावर त्याचा चांगला प्रकाश पडतो. ज्या बालकाचे हातपाय वाढतच नाहीत त्याच्या आईबापांना आनंद होत नाही. ते वैद्याकडे धाव घेतात. मग जे मंडळ वीस वर्षे तेच नाटक, तेच पदाधिकारी आणि तीच वेळ धरून बसते, त्याला आपण 'परंपरा जपणारे' म्हणून का गौरवावे?

आपल्या वसईच्या केळीच्या वाडीत तर हे तत्त्वज्ञान रोज डोळ्यांसमोर उभे असते. केळीचा एक खांब एकदाच घड देतो. घड उतरवला की तो खांब तोडावा लागतो, आणि त्याच्याच कंदातून फुटलेला मुनवा पुढचे पीक देतो. जाणता बागायतदार घड वाढत असतानाच कोणता मुनवा राखावयाचा हे ठरवून ठेवतो. घड उतरवल्यावर मुनव्याची शोधाशोध करणाऱ्याला कोणी शहाणा म्हणणार नाही. आमच्या मंडळात घड दिमाखदार होता. मुनवे आम्ही राखले नव्हते, आणि जो एक फुटला होता तो 'यंदा राहू दे' म्हणून आम्हीच खुडला होता.

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, 'मग जाणाऱ्यांना हसतमुखाने जाऊ द्यावे, प्रश्न मिटला.' आमचीही काही काळ अशीच समजूत झाली होती. पहिल्या चुकीने पोळलेले आम्ही पुढील धर्मग्रामात अत्यंत उदार झालो. दरवर्षी जूनमध्ये पदवीधर मुलांना वेदीपुढे बोलवावे, आशीर्वाद द्यावा, प्रत्येकाच्या हाती बायबलची एक प्रत ठेवावी, टाळ्या व्हाव्यात आणि सर्वांनी घरी जावे. हा सोहळा आमच्या मनाला फार समाधान देई.

अशाच एका सोहळ्यात निरोप दिलेली एक मुलगी बंगळुरूला नोकरीस गेली. मंडळात तिने लहान मुलांना धर्मशिक्षण दिले होते; रविवारची मिस्सा तिने कधी चुकवल्याचे कोणास आठवत नव्हते. नाताळला ती घरी आली, ती निराळीच होऊन. ती गेल्यावर तिची आई आमच्या कार्यालयात आली. सहा महिन्यांत मुलगी दोनदाच चर्चमध्ये गेली होती. पहिल्यांदा तिला वेळा ठाऊक नव्हत्या. दुसऱ्यांदा ती गेली, शेवटच्या बाकावर बसली, आणि कोणाशीही एक शब्द न बोलता परतली. पुढे तिने जाणेच सोडले. आईच्या डोळ्यांत पाणी होते, पण शब्द स्पष्ट होते. "फादर, तुम्ही तिला निरोप दिलात. पण सोपवलंत कोणाकडे?"

त्या माउलीच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. एक चूक टाळताना आम्ही दुसरीत सापडलो होतो. पहिल्या वेळी आम्ही मूठ आवळून धरली होती. दुसऱ्या वेळी ती इतकी सैल केली की हातातले माणूस कोठे पडले हे वाकून पाहिलेही नाही. बाहेरून या दोन वृत्ती परस्परविरुद्ध दिसतात, परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दोन्हींत लक्ष माणसाकडे नसून स्वतःकडे असते. आवळणाऱ्याला आपले मंडळ प्रिय असते. सोडणाऱ्याला आपले औदार्य प्रिय असते.

वरवर 'निरोप देणे' आणि 'सोपवणे' या दोहोंतही माणूस आपल्या हातून जातो. पण सोपवण्यात तिसरा कोणी असतो. लग्नात आईबाप मुलीला नुसता निरोप देत नाहीत. तिचा हात कोणाच्या तरी हातात देतात आणि सांभाळा म्हणून सांगतात. प्रभू येशूने क्रुसावरून केलेली एक कृती येथे डोळ्यांपुढे येते. संत योहानाच्या शुभवर्तमानानुसार, प्राण जाण्याच्या घटकेला प्रभूने आपल्या मातेला शिष्याच्या हाती दिले आणि शिष्याला मातेच्या. तो स्वतः निघाला होता. तरीही ज्यांना तो मागे ठेवत होता त्यांना त्याने एकमेकांच्या घरात जागा करून दिली. संत पौलाची पत्रेही या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो फिबी नावाच्या भगिनीची शिफारस करतो. किंख्रिया येथील ख्रिस्तसभेत तिने सेवा केली होती आणि तिने अनेकांना साहाय्य केले होते. तिचा स्वीकार करा, तिला लागेल ती मदत करा, असे पौल तेथील बंधुभगिनींना कळवतो. ज्या पत्रात श्रद्धा आणि कृपा यांसंबंधी एवढे गहन विवेचन आहे, त्याच पत्रात प्रवासाला निघालेल्या एका स्त्रीची सोय करावयास प्रेषिताला सवड झाली. आम्हांला मात्र दोन ओळींचे पत्र लिहावयास सवड झाली नव्हती.

तरुणपणी श्रद्धा का निसटते, याविषयी आपण बहुधा मुलांनाच दोष देतो. शहराची हवा लागली, मोबाइलने बिघडवले, संगत वाईट मिळाली, अशी कारणे आपण भराभर मोजतो. बेल्जियममधील धर्मगुरू जोसेफ कार्डाईन यांचा अनुभव याहून निराळे काही सांगतो. श्रमिक कुटुंबात जन्मलेले कार्डाईन सेमिनरीतून सुटीवर घरी येत, तेव्हा त्यांच्याबरोबर शाळेत शिकलेली व आता गिरण्या-कारखान्यांत कामाला लागलेली मुले त्यांच्यापासून दूर झालेली त्यांना आढळली. शाळेत जी भाविक होती, ती कारखान्याच्या फाटकातून आत गेल्यावर ख्रिस्तसभेला परकी झाली होती. कार्डाईन यांनी त्या मुलांना नावे ठेवली नाहीत. त्या फाटकातून त्यांच्याबरोबर आत गेले कोण, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. १९२५ साली आकारास आलेली तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. कामगारांमध्ये कामगारानेच प्रेषित व्हावे. परिस्थिती पाहावी, शुभवर्तमानाच्या प्रकाशात तिचा निवाडा करावा आणि मग कृती करावी, ही तिची रीत. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या आपल्या विश्वपत्रात या रीतीची मुद्दाम शिफारस केली. चार वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीचा आदेश प्रसृत केला, आणि तरुणांमध्ये पहिले प्रेषित तरुणांनीच व्हावे हे तत्त्व त्यात मान्य केले.

कार्डाईन यांच्या काळातील ते फाटक आज आपल्या मुलांपुढे निराळ्या रूपात उभे आहे. वसतिगृहाची खोली, रात्रपाळीचे कार्यालय, परक्या शहरातील भाड्याची जागा, पहाटेची लोकल ही आजची फाटके होत. मुले त्यांतून आत जातात तेव्हा आपण बाहेर उभे राहून हात हलवतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये रोम येथे भरलेल्या बिशपांच्या सिनडचा विषयच युवक, त्यांची श्रद्धा आणि पाचारण हा होता. त्यानंतर पोप फ्रान्सिस यांनी २५ मार्च २०१९ रोजी लोरेतो येथे 'क्रिस्तुस विवित' या बोधपत्रावर स्वाक्षरी केली. युवासेवेच्या जुन्या चाकोरीत आजच्या तरुणांना आपल्या प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत, हे त्यात मोकळेपणाने मान्य केले आहे. आणि या सेवेचे कर्ते तरुणच असावेत, त्यांना साथ द्यावी पण नव्या वाटा शोधण्याची मोकळीकही असावी, असे सांगितले आहे. ख्रिस्तसभा आपली चाकोरी तपासावयास तयार असताना आमच्या धर्मग्रामाने आपल्या वार्षिक कार्यक्रमांच्या यादीला वेदीइतके पवित्र मानावे हे बरे नव्हे.

तरीही एक शंका उरते, आणि ती प्रामाणिक आहे. आमच्या पॅरिश कौन्सिलमधील एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "फादर, आपण पेरायचं आणि पीक दुसऱ्याच्या शेतात न्यायचं, यात आपल्या गावाला काय मिळालं?" या शंकेचे उत्तर देताना आम्हांला आपल्याच मातीतील एका मुलाचे स्मरण झाले.

सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंपाशी शिकला आणि किशोरवयातच त्यांच्यापैकी एकाबरोबर जपानला गेला. तेथे त्याने भाषा आत्मसात केली आणि धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. तो व्यापारात पडला. पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू झाला, आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस साथीदारांसह त्याला क्रुसावर मरण आले. १६२७ मध्ये तो धन्यवादित आणि १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाला. आज आपण त्याचा सण मोठ्या थाटाने साजरा करतो, मुलांना त्याचे नाव ठेवतो, त्याच्या नावाने संस्था काढतो.

वाचकहो, या चरित्राकडे क्षणभर हजेरीची वही हाती घेऊन पाहा. वसईच्या वहीत गोन्सालो हा पंधराव्या-सोळाव्या वर्षी निघून गेलेला मुलगा आहे. मधल्या वर्षांत तर तो कोणत्याच संघात नव्हता. व्यापार करणारा एक तरुण एवढीच त्याची ओळख होती. त्या वर्षी कोणी हिशेब मांडला असता, तर वसईने त्याच्यावर केलेली मेहनत वाया गेली असेच उत्तर आले असते. वसईने पेरले, पीक नागासाकीच्या टेकडीवर आले, आणि आपल्या गावाला काय मिळाले हे आपण दरवर्षी फेब्रुवारीत पाहतो. ज्याच्या हाती हंगाम आहे तो देव आपल्या वहीचा बांधलेला नाही.

परंतु या कथेचा आधार घेऊन निष्काळजी होण्याचीही सोय नाही. गोन्सालो एकटा गेला नव्हता. तो कोणाबरोबर तरी गेला. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी त्याला आपल्यात घेतले, आणि जेथे दार लागले तेथून पुढे दुसरे दार उघडले गेले. आपल्या मुलांसाठी अशी दारे ठोठावण्याचे काम आपले आहे. ती उघडणे वा न उघडणे देवाच्या आणि त्यांच्या स्वातंत्र्याच्या अधीन आहे.

या विचारातून आम्ही आमच्या धर्मग्रामात काही बदल केले. ते आदर्श आहेत असा आमचा दावा नाही, पण त्यांचे प्रयोजन स्पष्ट आहे. मंडळाचे कोणतेही पद दोन वर्षांहून अधिक काळ एकाकडे राहत नाही, आणि प्रत्येक पदाधिकाऱ्यासोबत त्याच्याहून लहान असा एक सोबती पहिल्याच महिन्यापासून काम शिकतो. नोकरीला लागलेल्या तरुण-तरुणींना अकरावीच्या मुलांबरोबर बसवणे थांबवले. त्यांची सभा महिन्यातून एकदा रविवारी सायंकाळी होते, आणि तेथे घरभाडे, नोकरीतील लाचलुचपत, लग्नाची चिंता, वृद्ध आईबाप अशा विषयांवर शुभवर्तमान समोर ठेवून बोलणे होते. दुःखसहनाचे नाटक दोन वर्षे झाले नाही, कारण मुलांना ते मनापासून करावयाचे नव्हते. त्या काळात त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जाण्याचा क्रम धरला. तिसऱ्या वर्षी त्यांनीच नाटक मागून घेतले. आणि जो कोणी बाहेर जातो, त्याच्यासाठी तेथील प्रमुख धर्मगुरूंना एक पत्र जाते. पत्र आम्ही एकट्याने लिहीत नाही. मंडळातील सोबती त्यात त्याच्या सेवेविषयी दोन ओळी लिहितात. त्याच शहरात आपल्या गावचे कोणी असेल तर त्याचा दूरध्वनी क्रमांक जाणाऱ्याच्या हाती, त्याच्या संमतीने, दिला जातो.

काही गोष्टी आम्ही बदलल्या नाहीत आणि बदलणारही नाही. मिस्साबलिदान हे मंडळाचे केंद्र आहे. बायबलचे वाचन वगळून सभा होत नाही. गरिबांची सेवा हा ऐच्छिक विषय नाही. आणि प्रत्येक मुलाला कोणीतरी मोठ्या माणसाने नावाने ओळखले पाहिजे, हा नियम व्हॉट्सॲपच्या समूहात नाव घातल्याने पुरा होत नाही. एवढे शाबूत राहिले तर बाकीचे खुशाल पालटावे. हे ढासळले तर मंडळाची सभासदसंख्या शंभर झाली तरी तो संत व्हिन्सेंटच्या भाषेत पालटच होय.

याचा परिणाम काय झाला, असे कोणी विचारील. मंडळ पूर्वीपेक्षा लहान आहे. कार्यक्रमांत चुका होतात. गेल्या नाताळात गोठ्याचे दिवे ऐन मध्यरात्री बंद पडले आणि सतरा वर्षांचा प्रमुख घामाघूम झाला. पत्रांपैकी निम्म्याहून अधिकांना उत्तर आले नाही. एका धर्मगुरूंनी मात्र कळवले, की तुमचा मुलगा दुसऱ्याच रविवारी स्वतःहून भेटला आणि आता गायकवृंदात आहे. बंगळुरूच्या त्या मुलीसाठीही आम्ही उशिराने पत्र पाठवले. तेथील दोन भगिनी तिला भेटून आल्या. ती आता मिस्साला नियमित जाते असे आम्ही म्हणू शकत नाही. त्या भगिनींशी तिचे बोलणे मात्र सुरू आहे, एवढे तिची आई सांगते.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा वा मुलगी परगावी निघाली की आपण गाद्या, भांडी, लोणच्याची बरणी, बँकेचे खाते या सर्वांची काळजी वाहतो. पहिल्या रविवारी तिच्याबरोबर तेथील चर्चमध्ये जाऊन, मिस्सा संपल्यावर दारात थांबून तेथील धर्मगुरूंना "ही आमची मुलगी" एवढे सांगावयास अर्धा तास पुरतो. आणि वसई-विरारमध्ये नव्या इमारतींत राहावयास आलेली परगावची ख्रिस्ती मुले आपल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलेली असतात, हेही विसरू नये. तीही कोणाची तरी सोपवलेली असतात, किंवा सोपवावयाची राहून गेलेली असतात. आपल्या मुलीशी बंगळुरूत कोणी बोलले नाही म्हणून रडणाऱ्या आपण त्यांच्याशी किती वेळा बोललो?

युवक मंडळाच्या जुन्या वहीत, सभासद गेला की त्याच्या नावावर तांबडी रेघ मारली जात असे. आता आम्ही रेघ मारत नाही. नावापुढे दोन रकाने आखले आहेत. कोठे गेला, आणि कोणाकडे सोपवला. या जूनमध्ये सात नावांपुढचे दोन्ही रकाने भरले. त्याच वेळी, वीस वर्षांपूर्वीचा तो गुणी तरुण आठवला आणि त्याचे नाव आम्ही आमच्या प्रार्थनेच्या वहीत लिहून पाहिले. पहिल्या रकान्यात 'पुणे' एवढे लिहिता आले. तो आज कोणत्या चर्चमध्ये जातो, जातो की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. दुसरा रकाना कोरा आहे. तो भरण्यासाठी आम्ही शोध घेत आहोत, आणि सापडेपर्यंत रोजच्या मिस्सामध्ये त्याला प्रभूकडे सोपवीत आहोत.